छोट्या बोटीचा फायदा

इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेला जो जाईल, तो अध्यक्ष होऊनच घरी परततो. शशी टिपणीस असेच एकदा गेले होते. त्यानंतर दरवर्षी हात जोडले, तरी सुटका नाही.

यंदा त्यांनी सभेच्या आठवड्यातच कॅरिबियन क्रूझ काढली. तीही मुद्दाम छोट्या बोटीची, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. आपण नसलो की सभेत दुसऱ्या कुणाला तरी पकडतील! त्यांच्या बायकोने, वरदाने, हे फक्त मंडळातल्या सुमेधाला सांगितलं होतं, "कुणाला बोलू नकोस हं" असं बजावून.

पहिल्या सकाळी निळंशार पाणी, हातात पपईची फोड. शशींनी मोकळा श्वास घेतला, आणि मागून आवाज आला, "अय्या, शशीकाका!"

सुमेधा होती. सोबत नवरा मिहीर. त्यांच्या मागे खजिनदार, सांस्कृतिक समिती, गणपतीचे मोदकवाले.

"तुम्ही सगळे इथे?"

"सभा चुकवायची होती हो, काका. सुमेधा म्हणाली, बोट लव्हली आहे," खजिनदार म्हणाला.

"मग तिकडे सभेला कोण गेलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मिहीरने डेकवरची डोकी मोजली.

"तिकडे कुणीच नाही. पण काका, सभेला लागणारा कोरम इथे होतोय."

शशी कठड्यापाशी सरकले. चारी बाजूंना समुद्र. पुढचं बेट उद्या दुपारी येणार होतं. मागे मिहीरने त्यांचंच नाव सुचवलंसुद्धा. अनुमोदक फक्त तोंडातला घास संपवत होता.