ॲडमिनची परवानगी

सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर 'ही प्रत बनावट आहे' अशी पाटी झळकली आणि ती प्रत फुकटात घालून देणारा त्यांचा मित्र फोन उचलेना. शेवटी जावयाने अस्सल लायसन्स आणलं आणि सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकायला घेतली.

"राहू द्या, तुमच्याच्याने नाही व्हायचं," सासरे पाठीशी उभे राहून धीर देत होते.

लायसन्सची लांबलचक की पहिल्या फटक्यात मान्य झाली. अपडेटही सुरळीत पार पडले. सासरे ऐटीत खुर्चीवर बसले आणि पत्त्यांचा खेळ टाकायला गेले, तर कॉम्प्युटर अडून बसला : 'ॲडमिनची परवानगी लागेल.'

ॲडमिन म्हणजे जावई.

"जावईबापू, तेवढी परवानगी द्या की."

"बघू. विचार करून कळवतो. घाई काय आहे?"

त्यांच्या मुलीला मागणी घातली तेव्हा मिळालेलं हे उत्तर त्याने इतकी वर्षं शब्दशः जपून ठेवलं होतं.