सात वाजून दहा मिनिटं

या माउली, पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. सुप्याच्या एका कारखान्यातली, अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट सांगतो.

दुपारी बारा चाळीसला, जेवणाच्या सुट्टीत, पखवाज वाजवणाऱ्या श्रीमंतचं डोकं कुणीतरी शेडमागं लोखंडी पाइपानं फोडलं. तो जागीच गेला. आदल्या दिवशी भजनात त्याची आणि गोरक्षनाथची चालीवरून बाचाबाची झाली होती. कामगारांनी गोरक्षनाथला कॉलर धरून ओढलं.

"मी न्हाई मारलं! त्या टायमाला मी कॉम्प्युटरवर हुतो. वेबसाइटच्या पानावर नव्या पार्टची मापं चढवत हुतो. पान कधी बदललं ते पुण्याचा सर्व्हर सांगतो. इचारा त्याला!"

जमाव त्याला घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत शिरला.

"इचार रं, ओंकार," काकासाहेब मुकादम म्हणाले.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ओंकारचा शर्ट छातीवर ओलाचिंब होता.

"विहिरीत पडला का काय?"

"उकडतंय लई. तोंड धुतलं."

डावा तळवा पडद्याच्या कडेला टेकवून त्यानं उजव्या हातानं बटणं दाबली. फोनची लाइन किरकिरली. सर्व्हरचं उत्तर आलं, सोबत पान शेवटचं बदलल्याची वेळ.

"सात दहा," ओंकारनं वाचलं.

"सकाळचे?"

"मग? आत्ता तर तीनच वाजल्यात."

"म्होरं तीन इंग्रजी अक्षरं कसली?"

"सर्व्हरचं नाव हाय ते."

"सकाळी पान चढवलं, आन् दुपारचं सांगतोय व्हय रं भामट्या!"

"ओंकार, हात काढ! तो हात—"

लोखंडी पाना गोरक्षनाथच्या तोंडावर बसला. दात फरशीवर सांडले. मग लाथा, मग दांडकी. बरगड्या मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. "परत इचारा," एवढंच तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा नुसता फेस आला.

ओंकारचा तळवा पडद्यावरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई फरशी धुवायला आली. टेबलाखालच्या रक्तात चिकटपट्टीसकट चुरगळलेली एक चिठ्ठी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पडद्याच्या कडेला चिकटवलेली ती चिठ्ठी तिनं रोज पाहिली होती. तिनं ती काकासाहेबांना दिली. त्यांनी ती उलगडून वाचली. अक्षर ओंकारचं होतं:

'सर्व्हर जीएमटी, म्हणजे लंडनजवळच्या ग्रीनिचची वेळ दाखवतो. आपली वेळ काढताना साडेपाच तास मिळवणे.'

काकासाहेबांनी सात दहात बोटांवर साडेपाच तास मिळवले, बारा चाळीस झाले, आणि त्यांना ओंकारचा ओला शर्ट आठवला.

माउली, उद्या पखवाजावर थाप पडली की गोरक्षनाथची आठवण ठेवा.