सहा पायांचा बैल

पितरांच्या घासाला यंदाही कावळा शिवला नाही, तेव्हा केरबा तुपे पणजोबांचा फोटो काखोटीला मारून नव्वदीच्या आत्याकडे गेला. "आत्ये, पणज्याची कुठली इच्छा राहिलीय गं?"

फोटोत जत्रेत पहिला आलेला बैल होता आणि शेजारी पिळदार मिशांचा, कोटातला रुबाबदार पुरुष. चाळीस वर्षं घरात त्यालाच हार चढत होता.

आत्यानं फोटो डोळ्यांशी नेला आणि बोळक्या तोंडानं खदाखदा हसली. "मुडद्या, हा तर बैल घेणारा व्यापारी! तुझा पणजा फोटूला भिऊन बैलामागं दडलाय. पाय मोज की!"

केरबानं बैलाचे पाय मोजले. सहा भरले.

घरी येऊन त्यानं त्या दोन अनवाणी पायांना गंध लावलं, पुन्हा घास ठेवला. कावळा तडक आला.

केरबा मनोभावे पणजोबांच्या पाया पडला. फोटोत तेवढेच होते.