नवी चेन, जुने दाते

खटाक्!

सायकलची चेन पुन्हा उडाली. तिचा पाय रिकामाच खाली गेला आणि हनुवटी हँडलवर आपटता आपटता वाचली. तिने तशीच सायकल वळवली, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या नवऱ्यासमोर आणून थांबवली आणि एकच विचारलं, "चेनला हात कुणी लावला?"

नवऱ्याचा चेहरा कौतुक ऐकायच्या तयारीत. "मीच! नवी टाकली. काल तू लवकर झोपलीस ना, तेव्हा. जुनी ताणली गेलीय म्हणून तूच कुरकुर करत होतीस. म्हटलं, निवड चाचणीला आमची बायको नव्या चेनवर जाऊ दे."

"आणि दाते बघितलेस?"

"कुठले दाते?"

कप्पाळ! हा माणूस दातांचा डॉक्टर. अख्ख्या गावाच्या तोंडात वाकून वाकून बघतो, आणि बायकोच्या सायकलचे दाते तेवढे बघायचे राहिले.

"मागच्या चाकावरच्या चकत्यांचे, जिच्यावर चेन बसते त्या," ती म्हणाली. "जुनी चेन आणि या चकत्या बरोबरीने झिजल्या होत्या. एकमेकींना सांभाळून घेत होत्या. नवी चेन या झिजलेल्या दात्यांत नीट बसतच नाही. जोर लावला की उडते. बदलायचं तर दोन्ही बदलायचं, नाहीतर कशालाच हात लावायचा नाही. म्हणून तर मी चाचणी झाल्यावर करणार होते ना रे!"

"मग जुनीच परत घालू की."

"कुठंय जुनी?"

जुनी घरी होती, कचऱ्याच्या डब्यात. घर डोंगरापलीकडे. आणि तिकडे चाचणीच्या तंबूपाशी एकेकीला सोडायला सुरुवात झाली होती, पहिली मुलगी सुटलीसुद्धा.

ती धावली. ओळखीच्या, अनोळखी, सगळ्यांकडे मागचं चाक मागून आली. ज्यांच्याकडे जादा होतं त्यांचं तिच्या सायकलला जुळेना, आणि ज्यांचं जुळत होतं त्या देईनात. का देतील? संघात जागा एकीलाच होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. हात हलवत परत आली ती फुटपाथच्या कडेला मटकन बसली आणि हेल्मेटसकट रडायला लागली.

"गुडघा फुटला, तरी उठले. ऑपरेशन झालं, पुन्हा चालायला शिकले. आणि शेवटी मेले कशानं? तुझ्या प्रेमानं! फुलं आणायचीस ना रे मेल्या. चार फुलं आणली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

त्याने खिशातून मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि मागच्या चाकाशी गुडघे टेकले. काहीतरी करायला हवं होतं, आणि त्याला येत होतं ते एवढंच. एकेक दाता तो पेशंटच्या तोंडात बघावं तसा बघत गेला. मोठ्या चकत्या झिजलेल्या. मधल्यांची तर पार टोकं निघालेली. बॅटरी शेवटच्या छोट्या चकत्यांवर गेली आणि तिथेच थांबली. मग तो झटकन उठला आणि मोबाइल खिशात टाकला.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही नसतं तेव्हा तू इतक्या लगबगीनं उठत नाहीस. बोल."

"काही नाही म्हटलं ना! चल, घरी जाऊ."

"बोल म्हणते ना."

"एकाच बाजूनं चावणारे पेशंट असतात. दुखऱ्या बाजूला घास नेतच नाहीत. मग त्या बाजूचे दात अगदी कोरे राहतात." त्याने चाकाकडे बोट केलं, बघितलं मात्र नाही. "शेवटच्या छोट्या चकत्या तशाच आहेत. तिथे चेन धरेल."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. छोट्या चकत्या म्हणजे सगळ्यात जड गियर. हे चाक आलं तेच ऑपरेशननंतर, आणि जड गियरला हात लावायचा नाही अशी सर्जनची सक्त ताकीद होती. तिने ती निमूट पाळली होती. आणि चाचणीचा समोरचा रस्ता तर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नुसता चढ.

"नको गं," तो म्हणाला. "मी जन्मभर बोलणी खाईन तुझी. रोज सकाळ-संध्याकाळ खाईन. पण हे नको. गुडघा पुन्हा फुटला तर जोडता यायचा नाही, सर्जननी सांगितलंय."

ती उठली. चेन शेवटच्या चकतीवर टाकली आणि पार्किंगमध्येच सायकलवर उभं राहून, सगळं वजन टाकून पेडल मारलं. चेन उडाली नाही. तिने आणखी एक फेरी मारली, आणखी जोर लावून. नाहीच उडाली.

तंबूतून तिचा नंबर पुकारला गेला.

सायकल हातात धरून ती निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. गुडघ्यावर हात ठेवून मागे वळली. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखीच ती त्याच्याकडे बघत होती.

"दुखेल का रे?"

काही दुखणार नाही, अजिबात कळणार नाही. पोराबाळांना, म्हाताऱ्यांना, हातात सुई धरून हे वाक्य तो सगळा जन्म सांगत आला होता. आत्ताही ते जिभेवर आलंच होतं.

"दुखेल," तो म्हणाला. "खूप दुखेल."