गुपचिळीचा गृहपाठ

“तुमची मुलगी आजच्या आज घेऊन जा,” यजमानीण फोनवर म्हणाली, आणि बाईंच्या हातातला चहा हातातच राहिला.

परदेशात बारा मुलं बारा घरांत उतरवून आज पाचवा दिवस. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणे! देवाणघेवाण कसली डोंबलाची, सकाळपासून नुसती तक्रारींचीच घेवाण चालली होती. वर्गातल्या पैलवानानं एका बैठकीत अख्खा फ्रिज रिकामा केला. एकीनं पाऊण तास अंघोळ केली, ती खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून गळली. एकानं यजमानांच्या धाकट्याला सोफ्यावरून उड्या मारायला शिकवलं, आणि शेवटची उडी स्वतः मारून सोफा मोडला. बाई माफी मागून मागून थकल्या. प्रत्येकाला विचारत होत्या, दुसऱ्या घरी हलवू का त्याला? प्रत्येकजण आधी भरपूर ऐकवायचा आणि मग म्हणायचा, छे हो, हलवायचं कशाला!

आणि परत आली कोण? तर गुपचिळी. बाराजणांतली सगळ्यात गुणी पोर. तीही दुसऱ्यांदा! नियम असा होता की तिसऱ्या घरानंही नाही म्हटलं, तर मुलाला सरळ विमानात बसवायचं. बाकीच्यांचं एक वेळ निभावलं असतं. हिच्या मामानं सहलीला हो म्हणायलाच दोन महिने घेतले होते. अर्ध्यातून परत आली तर शाळेतूनही नाव काढीन, असं तो बाईंच्या तोंडावर सांगून गेला होता.

बाई तरातरा त्या घरी पोचल्या. गुपचिळी बॅग घेऊन जिन्यात उभी होती. “केलं तरी काय हिनं?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही. तीच तर तक्रार आहे,” यजमानीण म्हणाली. “चादरीला सुरकुती नाही. भूक लागली म्हणत नाही. स्वतःचा कप धुते, वर आमचेही धुऊन ठेवते. बस म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसते. माझी मुलं विचारतात, आपण तिला आवडत नाही का? इतकी दुःखी मुलगी डोळ्यांसमोर बघवत नाही हो.”

टॅक्सीचं दार लागलं आणि बाईंचा तोल सुटला. “अगं, तोंड उघडायला काय धाड भरते तुला? तो पैलवान त्यांचं घर खाऊन बसलाय, तरी त्याला ठेवून घेतलंय. आणि तुला साधं दोन दिवस राहता येत नाही?”

गुपचिळीनं मांडीवरची बॅग जवळ ओढली. “पण बाई, दुसऱ्याच्या घरी असंच राहतात ना? मी मामाकडे सात वर्षं राहते. मामी सगळ्यांना सांगते, हिचा काही त्रास नाही, घरात आहे की नाही तेही कळत नाही.”

हे तिनं जरा अभिमानानंच सांगितलं, पैकीच्या पैकी गुण मिळाल्यासारखं. या पोरीला दुसऱ्याच्या घरी राहायची सवय आहे, ही कुठेही राहील, असं म्हणून बाईंनीच तिचं नाव यादीत पहिलं घातलं होतं. त्यांना रडू आलं, आणि भर टॅक्सीत रडू आलं म्हणून आणखी राग आला.

“ऐक,” त्या शेवटी म्हणाल्या. “आज तुला गृहपाठ आहे. नवीन घरी जेवताना एक गोष्ट नको म्हणायची. सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘आवडत नाही, नको.’ त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं ते मी शिकवते.”

“आणि ते रागावले तर?”

“तर मी आहे ना!” बाईंनी ठोकून दिलं. आपण नेमकं काय करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तिसरं घर येईपर्यंत पोरीनं ते तीन शब्द ओठांतल्या ओठांत घोकून पाठ केले.

तिसऱ्या घरात पाच माणसं होती. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बाई तिला सोडून आल्या आणि फोन समोर ठेवून बसल्या. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला तो वाजलाच. सून होती, आवाज अगदी दबका.

“सासूबाईंनी सगळ्यांना सूप वाढलं. तुमच्या मुलीनं एक चमचा घेतला, वाडगा पुढे सरकवला, वर्गात उभं राहावं तशी उठून उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, आवडत नाही, नको.”

“बरं, मग?”

“मग काय, खोलीत जाऊन बॅग भरली आणि दारात जाऊन बसली. बाई न्यायला येतील म्हणते.”

बाईंनी फोन खांद्यात धरून चपला शोधायला सुरुवात केली. काय अवदसा आठवली मला, असं स्वतःलाच म्हणत त्या फोनमध्ये म्हणाल्या, “मी निघालेच. तिच्यावर रागावू नका. तिला ते मीच सांगितलं होतं, चूक माझी आहे.”

“अहो, येऊ नका! मुळीच येऊ नका!” सुनेचा आवाज आणखी खाली गेला. “अकरा वर्षं आम्ही सगळे ते सूप मुकाट्यानं गिळतोय. आज सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, मग दुसरं काय करू? बॅग मी आत नेऊन ठेवलीय. तुम्ही फक्त तिला एवढं सांगा, उद्या दुपारच्या भाजीबद्दलही बोल म्हणावं.”