नाकावरचा ठिपका

सत्तर वर्षं गोदामात पडून राहिलेली गादीची एक कार्टून जाहिरात जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाती लागली, तेव्हा तिच्यावर बुरशी, ओरखडे आणि डागांचं नुसतं रान माजलं होतं. त्याने तीन महिने डोळ्यांत तेल घालून एकेक चित्र पुसलं. सगळ्यांत चिवट निघाला तो गादीवर घोरणाऱ्या जाड्याच्या नाकाभोवती नाचणारा काळा ठिपका. नऊशे चित्रांतून त्याला हुसकावता हुसकावता बिचाऱ्याच्या चष्म्याचा नंबर वाढला.

जाहिरात बनवणाऱ्यांपैकी एकच चित्रकार आता हयात होते, नव्वदीचे. पहिल्या खेळाला लेक, जावई, नातवंडं असा सगळा गोतावळा घेऊन ते पुढच्या रांगेत बसले. दीड मिनिटात जाहिरात संपली. टाळ्या थांबल्यावर नातीने विचारलं, "आजोबा, यातलं तुमचं काम कुठलं?"

आजोबांनी कोऱ्या पडद्याकडे बोट केलं.

"तो जाड्या आमच्या साहेबांनी काढलेला, गादी दुसऱ्या कुणाची तरी. मी तेव्हा नवा होतो गं. माझ्याकडे फक्त त्या नाकावरची माशी होती."