एकाचंच नाव सांगा

“कोणालाच नाही” हे उत्तर काढून टाकायचं, असं ठरलं तेव्हा बैठकीत पंचशीला एकटीच विरोधात बोलली.

“सर, आया दुसरं काही सांगतच नाहीत. खरं तेच सांगून राहिल्यात त्या.”

“असेल खरं,” हणमंतराव म्हणाले. “पण सगळ्यांचं उत्तर एकच आलं तर प्रश्न विचारून उपयोग काय? चार देशांत जाणार आहे हा प्रश्न.”

लातूर वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. पाऊस मात्र त्यानंतर धड पडलाच नव्हता. परदेशातल्या एका संस्थेनं चार देशांतली मुलं निवडली होती. दर दोन वर्षांनी त्याच मुलांच्या घरी जायचं, तेच प्रश्न विचारायचे, मुलं मोठी होईपर्यंत. इथल्या केंद्राचे प्रमुख हणमंतराव. प्रश्न मराठीत बसवायचं काम पंचशीलाचं. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, घरातली पहिली एम.ए.

ज्यावरून वाद होता तो प्रश्न असा: दुष्काळात घरातल्या एका मुलाला दुसरीकडे पाठवायची वेळ आली, तर कोणाला पाठवाल?

पंचशीलानं तो घासूनपुसून पुन्हा लिहिला. शेवटी “एकाचंच नाव सांगा” एवढं जोडलं. खाली विचारणाऱ्यांसाठी सूचनाही घातली. आईनं उलट काही विचारलं तर समजावत बसू नये, प्रश्न जसाच्या तसा परत वाचावा. समजावलं की उत्तर बदलतं.

“आता जमलं,” हणमंतराव म्हणाले.

पहिल्या फेरीला ती स्वतः निलंग्याकडच्या एका गावात गेली. जीप थांबली तशी पोरं ओरडत सुटली, “नव्या जिल्ह्याच्या बाई आल्या!” दानम्माच्या घरातला धाकटा दगडोबा अभ्यासासाठी निवडलेला होता. नवरा खडी फोडायच्या कामावर लांब गेलेला. घरात दानम्मा, दोन पोरं आणि थोरली गुरम्मा.

गुरम्मानं तांब्या आणून दिला. पाणी गढूळ होतं. विहिरीत खाली उतरून तिनंच वाटीनं भरलेलं.

“कितवीत आहेस गं?”

“शाळंत न्हाई जात.”

पंचशीलानं अंगणातल्या मातीत बोटानं तिचं नाव लिहिलं. पोरीनं एकदाच पाहिलं आणि शेजारी तसंच्या तसं काढलं, जोडाक्षरासकट.

“अव्वा, बघ की!” तिनं आईला हाक मारली.

“लई हुशार आहे हो तुमची पोरगी,” पंचशीला म्हणाली. “हिला शिकवायला पाहिजे. लातूरला असती तर कुठल्या कुठं गेली असती.”

“व्हय?” दानम्मानं विचारलं.

“तर काय!”

मग कामाचे प्रश्न सुरू झाले. दगडोबा काय खातो, किती वेळा आजारी पडला, कोणाजवळ झोपतो. दानम्मा नीट उत्तरं देत होती. शेवटी तो प्रश्न आला.

“कुठं पाठवायचं, बाई?”

पंचशीलानं प्रश्न पुन्हा वाचला.

“दोन टायमाला पोटाला मिळंल का तिथं?”

पंचशीलानं तिसऱ्यांदा वाचला. तोच सूर, तेच शब्द. “एकाचंच नाव सांगा.”

दानम्मानं तिन्ही पोरांकडं आळीपाळीनं पाहिलं. “गुरम्मा,” ती म्हणाली.

पोरगी उंबऱ्यातच बसली होती. तिनं ऐकलं. दानम्माचा आवाजसुद्धा कापला नव्हता. पंचशीलानं उत्तर टिपलं आणि ती उठली. अजून दोन गावं व्हायची होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दानम्मा “बाई, जरा थांबा,” म्हणत आत गेली, पण पंचशीलाला त्या घरात थांबवेना. जीप निघाली. मागं नुसता फुफाटा उडत होता.

पुढं ती जिथं बोलायला उभी राहिली तिथं तिनं दानम्माचं उदाहरण दिलं. पोटची हुशार पोरगी आई कशी सहज टाकून देते, हे ऐकून माणसं हळहळायची. परदेशातल्या परिषदेतही ती तेच बोलली. हणमंतराव निवृत्त झाल्यावर केंद्र तिच्याकडं आलं.

दुसऱ्या फेरीपर्यंत पाऊस झाला होता. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली. जीप येणार हे गावात आधीच कळलं होतं; दानम्माचं अंगण सारवलेलं होतं. चुलीवर पुरणाचा वास. जीप पाहताच ती धावत आली, पंचशीलाचे दोन्ही हात धरून तिनं आपल्या डोळ्यांना लावले. पंचशीलानं ते सोडवून घेतले. ती काही विसरली नव्हती.

दगडोबाची उंची घेतली, वजन घेतलं. दानम्मा उत्तरं देत होती, पण ध्यान रस्त्याकडं.

“दुष्काळात घरातल्या एका मुलाला दुसरीकडे पाठवायची वेळ आली, तर कोणाला पाठवाल? एकाचंच नाव सांगा.”

दानम्मा हसली. “आता आनि कुणाला, बाई? ही दोगं ऱ्हाऊ द्या की आमाला.”

पंचशीलाचा पेन थांबला. “म्हणजे? गुरम्मा कुठंय?”

“आता उगं चेष्टा नका करू, बाई. तुमची गाडी निघाली तवा गठुडं दिऊन मागं पळवली न्हवं का तिला? माघारी आली न्हाई, तवाच समजले, गाडी घावली पोरीला.” दानम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि जीपकडं मान उंच करून पाहिलं. “आत लाजून बसून राहिली आसंल. बलवा की तिला.”